ॲमस्डॉस की प्लस-थ्री-डॉस: कुणाचा हेडर घ्यावा?

ॲमस्ट्रॅड सीपीसी या जुन्या घरगुती संगणकाचं ॲमस्डॉस आणि १९८७ च्या स्पेक्ट्रम प्लस-थ्री संगणकाचं प्लस-थ्री-डॉस, या दोन्ही डिस्क-प्रणाली लोकोमोटिव्ह सॉफ्टवेअरच्याच. दोन्हीकडे हेडर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीला तिची माहिती ठेवणारा भाग, १२८ बाइटांचा. डिस्क सीपी/एम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या वळणाची असल्यामुळे डिरेक्टरीत लांबी १२८ च्या पटीतच कळते. नेमकी लांबी हेडरमध्ये. अशा फाइली हाताळणारं नवं टूल लिहिताना कागदावर तरी ॲमस्डॉस सरस दिसतो: लोड पत्ता (फाइल मेमरीत कुठे ठेवायची) बाइट २१-२२, एक्झिक्यूट पत्ता (कोड कुठून चालवायचा) २६-२७, आणि चेकसम, म्हणजे पडताळणीसाठी ० ते ६६ बाइटांची १६-बिटी बेरीज, ६७-६८ मध्ये. प्लस-थ्रीत एक्झिक्यूट पत्ताच नाही आणि चेकसमही एका बाइटचा.

घोडं अडतं ते ओळख पटवताना. ॲमस्डॉसला सिग्नेचर, म्हणजे ठरलेली ओळखखूण, नाही. बेरीज जुळली की हेडर आहे असं धरून चालायचं. बिनहेडरचं, १६३८४ बाइटांचं साठवलेलं स्क्रीनचं चित्र घ्या, वरची ओळ पेन ० मध्ये (रंग क्रमांक ०, म्हणजे बाइट शून्य) कोरी. पहिले ६९ बाइट शून्य, म्हणजे बेरीज शून्य आणि नोंदलेला चेकसमही शून्य. झालं, टूल १२८ बाइट कापून मोकळं! चित्र एक ओळ वर आणि ४८ बाइट डावीकडे सरकतं, शिवाय फाइल 'बेसिक, लांबी ०' म्हणून नोंदली जाते. बेरीज शून्य आली तर हेडर नाकारा, एवढ्याने हे टळतं. खऱ्या हेडरमध्ये फाइलचं नाव असतं, त्यामुळे त्याची बेरीज शून्य येत नाही. पण ठिगळ ते ठिगळच.

प्लस-थ्रीत सुरुवातीलाच ८०, ७६, ८५, ८३, ५१, ६८, ७९, ८३ (म्हणजे 'PLUS3DOS' ही अक्षरं) आणि मागोमाग २६. हे दिसलं नाही तर हेडर नाही, विषय संपला. त्यामुळे चेकसम दुबळा असला तरी फारसं बिघडत नाही.

एक खाच मात्र आहे. बाइट ११-१४ मधली लांबी हेडर धरून, १६-१७ मधली हेडर सोडून. ३२७६८ वर लोड होणारा ८१९२ बाइटांचा कोड असेल तर ११-१४ मध्ये ८३२० हवेत. तिथे ८१९२ लिहिलं तर फाइल १२८ बाइट आधीच संपते. याच उदाहरणात बाइट ९ मध्ये १ (हेडरची आवृत्ती), बाइट १५ मध्ये ३ (फाइलचा प्रकार: कोड) आणि उरलेले शून्य ठेवले तर बेरीज ९५५ येते. २५६ ने भागून उरलेले १८७ बाइट १२७ मध्ये.

कोड लोड पत्त्यावरूनच सुरू होत नसेल, तर ॲमस्डॉसला पर्याय नाही. एरवी बहुधा प्लस-थ्रीच बरा.