शेवटचं वर्ष उरलेला हुकमी खेळाडू: ठेवावा की विकावा?

ऑक्टोबर २०२५, अमेरिकेतलं बेसबॉल. सिअ‍ॅटलविरुद्धचा निर्णायक सामना. डेट्रॉइट टायगर्सच्या टॅरिक स्कूबलने सहा इनिंगमध्ये १३ बॅटरना स्ट्राइकआउट (बाद) केलं, तरी सामना १५व्या इनिंगपर्यंत लांबला आणि टायगर्स ३-२ असे हरले. हळहळ ओसरायच्या आतच चर्चा सुरू झाली: आता याला विकणार का? लागोपाठ दोन वर्षं साय यंग, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा (बॅटरकडे चेंडू फेकणाऱ्याचा) पुरस्कार मिळवणारा हा डावखुरा पिचर २०२६च्या सीझननंतर टीम सोडायला मोकळा होणार होता. पुढचा सगळा हिवाळा अफवांचा.

दर हिवाळ्यात कुठल्या ना कुठल्या टीमवर ही वेळ येते. तुमच्या टीमवर आली तर कोणती बाजू घ्यायची, ते ठरवायला आधीचे सौदे जवळजवळ मांडून बघणं बरं.

त्याआधी नियम. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या या सर्वोच्च लीगमध्ये, सहा वर्षं भरली की खेळाडू फ्री एजंट होतो, म्हणजे हव्या त्या टीमशी करार करू शकतो. तोवर तो टीमच्या ताब्यात असतो आणि मोजके अपवाद सोडले तर ट्रेड करताना, म्हणजे दुसऱ्या टीमला देताना, त्याला कोणी विचारत नाही. शिवाय आयपीएलसारखी सगळ्यांना सारखी पर्स इथे नाही. खर्चाला कमाल मर्यादाच नाही. ठरावीक आकड्यापुढे गेलात की कर भरायचा, एवढंच. त्यामुळे ‘बदल्यात काय मिळेल?’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा, की याला ठेवण्याची तुमची ऐपत आहे का?

बोस्टन रेड सॉक्सची होती. तरीही फेब्रुवारी २०२०मध्ये रेड सॉक्सने मुकी बेट्सला डॉजर्सकडे धाडलं, सोबत डेव्हिड प्राइस आणि त्याचा निम्मा पगारही दिला. बदल्यात आले अ‍ॅलेक्स वर्दुगो, जेटर डाउन्स आणि कॉनर वाँग. डॉजर्सनी बेट्स त्यांच्याकडून एकही अधिकृत सामना खेळायच्या आत त्याच्याशी १२ वर्षांचा, ३६ कोटी ५० लाख डॉलरचा करार करून टाकला आणि त्याच वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगची अंतिम मालिका, जिंकली. श्रीमंताने पैसे वाचवण्यासाठी घरचा हिरा विकला, याला माझ्या लेखी दुसरं नाव नाही.

मिलवॉकी ब्रूअर्सची गोष्ट वेगळी. पिचर कॉर्बिन बर्न्सला बाजारभावाने पैसे देणं ब्रूअर्सना झेपणारं नव्हतं. फेब्रुवारी २०२४मध्ये त्यांनी तो बाल्टिमोरला दिला आणि जोई ऑर्टिझ, डी. एल. हॉल आणि ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या निवडीतली) एक निवड घेतली. त्या वर्षी ब्रूअर्सनी ९३ सामने जिंकून आपला गट मारला, पुढच्या वर्षी ९७. ऑर्टिझ काही बर्न्सच्या तोडीचा नाही, पण तो स्वस्तात मैदानात उतरला आणि वर्षानुवर्षं ताब्यात राहणारा होता. गरीब टीमचा संसार यावरच चालतो.

मग बर्न्स घेऊन बाल्टिमोर ओरिओल्स फसले का? प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात बर्न्स आठ इनिंगहून जास्त टिकला, एकच रन दिली, आणि ओरिओल्स १-० हरले. याहून जास्त पिचरने काय करायचं? नंतर तो २१ कोटी डॉलरचा करार घेऊन अ‍ॅरिझोनाला गेला आणि ओरिओल्सना भरपाईदाखल ड्राफ्टमधली एक निवड मिळाली. न्यूयॉर्क यांकीजचंही साधारण तसंच. हुआन सोटो एकच वर्ष राहिला, त्या वर्षी टीम वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचली, आणि मग तो ७६ कोटी ५० लाख डॉलरवर मेट्सकडे गेला. दोघांच्याही हाती चषक लागला नाही, तरी मी या सौद्यांना चूक म्हणणार नाही.

चूक म्हणायची तर एंजल्सची. जुलै २०२३मध्ये आपला हुकमी खेळाडू शोहेई ओतानी विकायचा नाही असं ठरवून उलट बाहेरून नवे पिचर आणले. ऑगस्टमध्ये ओतानीच्या कोपराला दुखापत झाली, टीम ७३-८९वर संपली, आणि डिसेंबरमध्ये तो डॉजर्सकडे गेला. जिंकण्याची ताकद नसताना निव्वळ आशेवर खेळाडू धरून ठेवला की असं होतं.

वेळेचाही हिशेब आहे. हिवाळ्यात घेणाऱ्याला पूर्ण सीझन मिळतो आणि खेळाडू सोडून गेला तर ड्राफ्टची भरपाई मागता येते. जुलैमध्ये, म्हणजे सीझन अर्ध्यावर असताना, घेणाऱ्याला हे दोन्ही नाही, म्हणून भाव उतरतो. ‘आत्ता ठेवू, जमलं नाही तर जुलैत विकू’ म्हणणाऱ्यांनी ही घट धरूनच बोलावं. पिचर असेल तर खांद्या-कोपराची भीती वेगळीच. बर्न्सचं २०२५मध्ये कोपराचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्याचा नवा करार जेमतेम सुरू झाला होता.

डेट्रॉइटबद्दल विचाराल तर माझं मत ठेवण्याच्या बाजूने. ही टीम २०२४ आणि २०२५ अशी दोन वर्षं सलग प्लेऑफला पोहोचलेली, म्हणजे एंजल्ससारखी हवेत नव्हती. स्कूबलसाठी समोरून फक्त अठरा-एकोणीस वर्षांची होतकरू पोरं मिळत असतील तर फोन ठेवून द्यावा. उद्यापासून रोज खेळू शकतील असे दोघं मिळत असतील, तर मात्र खुर्ची ओढून बसावं.