वस्तरा की ट्रिमर? गळ्यावर फोड येणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात गंगावेशीतलं सलून असो की राजारामपुरीतलं, सरळ हात झाला की प्रश्न येतोच: "उलटा मारू काय?" वस्तऱ्याची दाढी गुळगुळीत होते यात वाद नाही, पण गोची त्या उलट्या, म्हणजे केसांच्या वाढीविरुद्ध फिरणाऱ्या हातातच आहे. केस कातडीलगत तिरपा कापला जातो, त्याला अणकुचीदार टोक येतं आणि कुरळा केस वाढताना वळून परत आत शिरतो. मग जबड्याखाली लाल फोड, कधी त्यात अडकलेला काळा केसही दिसतो. तीन-चार पात्यांचं रेझर आणखी वाईट: पहिलं पातं केस ओढतं, पुढचं तो कातडीच्याही खाली कापतं.

ट्रिमर साधारण 1 मिलिमीटर खुंट ठेवतो, त्यामुळे केसाला आत वळायला वाव कमी. लग्नाच्या फोटोत जरा राकट दिसाल, घरचे कुरकुरतील. कुरकुरू देत. वरचेवर फोड येणाऱ्यानं ट्रिमरच घ्यावा. सरळ केसवाल्यानं खुशाल वस्तरा. फक्त कोमट पाण्यानं केस भिजवून, नवं ब्लेड, कातडी न ताणता, आणि उलटा हात नाही म्हणजे नाही.

फोड आलेच तर सुईनं उकरू नका. कोमट फडक्यानं शेका, तीन-चार आठवडे ब्लेड बंद. 2 टक्क्यांपर्यंतचं सॅलिसिलिक ॲसिड मृत कातडी सैल करतं. मेडिकलवाल्याला विचारून आणलेलं स्टेरॉइडचं मलम मात्र नको. पू, ताप, पसरणारी लाली किंवा मधुमेह असेल तर थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा.