घरची एक्सरसाइज बाईक, वर्षभरानंतर: आधी डाव्या क्रँकचा नट बघा

मॅग्नेटिक एक्सरसाइज बाईकची माहिती हवी तेवढी मिळते. फ्लायव्हील (आतलं जड चाक) किती किलोचं, रेझिस्टन्सच्या लेव्हल आठ की सोळा, माणसाचं वजन किती पेलते, हे तुम्ही वाचलेलंच असणार. मला लिहायचंय ते जाहिरातीत नसतं, आणि आमच्या बाईकच्या पुस्तिकेत त्यावर जेमतेम एक ओळ आहे. डाव्या क्रँकचा नट. पेडल ज्या दांडीला लागतं तो क्रँक, आणि त्या दांडीला आतल्या एक्सलवर, म्हणजे आडव्या आसावर, धरून ठेवणारा हा नट. फिटिंगच्या दिवशी तो कुणी नीट आवळला असता, तर पुढचा सगळा डोक्याला ताप झालाच नसता.

बाईक घेतली सासूबाईंसाठी. त्यांचे गुडघे दुखतात. फिजिओथेरपिस्टने सांगितलं की बसून, हलक्या लोडवर, रोज थोडा वेळ पेडल मारा. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. गल्ल्या अरुंद, दुचाक्या अंगावर येतात, त्यामुळे सत्तरी ओलांडलेल्या आईंना रोज बाहेर चालायला पाठवण्यापेक्षा घरात बाईक ठेवणं मला पटलं. चौदा हजारांच्या आसपास पडली. सकाळी आई चालवतात, संध्याकाळी मी, आणि सुट्टीच्या दिवशी हे.

पहिले काही महिने तक्रारीला जागाच नव्हती. मॅग्नेटिक असल्यामुळे आवाज नाही. लोहचुंबक फ्लायव्हीलला टेकत नाही, नुसता जवळ सरकतो, त्यामुळे ब्रेकच्या पट्टीसारखं झिजणारं तिथे काही नाही. आई रेडिओ ऐकत पेडल मारायच्या आणि रेडिओ शेजारच्या खोलीतही स्वच्छ ऐकू यायचा. त्या काळात मी ओळखीच्या दोघींना हेच मॉडेल घ्या म्हणून सांगितलं होतं.

थंडी सुरू झाली आणि डाव्या बाजूने 'टक' असा आवाज यायला लागला. प्रत्येक फेरीत एकदा, पेडल खाली जाताना. लोड वाढवला की मोठा व्हायचा, हलक्या लोडवर जवळजवळ नाहीसा. आईंच्या वेळेला कमी, माझ्या वेळेला जास्त. हे मुद्दाम लिहितेय, कारण जोर लावला की वाढणारा, फेरीत ठरलेल्या जागी येणारा आवाज बहुतेक वेळा पेडल, क्रँक किंवा एक्सल ज्यात फिरतो ते बेअरिंग, यांपैकी एकातून येतो. बेल्ट घसरत असेल तर 'टक' होत नाही, चिरकल्यासारखा आवाज येतो आणि पाय मध्येच मोकळा फिरतो.

कस्टमर केअरला फोन लावला. त्यांनी व्हिडिओ मागितला, तो पाठवला. मग दुसऱ्या कोनातून मागितला, तोही पाठवला. शेवटी व्हिजिटचे 700 रुपये आधी भरा म्हणाले. बाईक वॉरंटीत असताना व्हिजिटचे पैसे कसले, असं विचारलं तर उत्तर मिळालं की फ्रेमची वॉरंटी वेगळी, पार्टची वेगळी आणि 'वापरामुळे झालेली झीज' कशातच येत नाही. आईंची सवय मोडायला नको म्हणून मी पैसे भरले.

माणूस आला. बाईकवर बसून चार फेऱ्या मारल्या, कान लावला आणि म्हणाला, "मॅडम, बेअरिंग गया. पूरा सेट बदलना पड़ेगा." अंदाज दिला 2,800 रुपयांचा. त्याने कव्हर उघडलं नाही, क्रँकवरचं प्लास्टिकचं काळं टोपणसुद्धा काढलं नाही. मी टोपण काढून दाखवा म्हटलं, तर त्या मापाचा पाना त्याच्या पिशवीत नव्हता. सातशे रुपये घेऊन आलेल्या माणसाकडे 14 नंबरचा पाना नाही, याचा मला अजूनही संताप येतो.

मी 2,800 दिले नाहीत. ह्यांनी सुचवलं की मालगंजकडे एक जुना सायकल मिस्त्री बसतो, त्याला विचारून बघू. शेवटी एक्सरसाइज बाईकच्या पेडलापासून एक्सलपर्यंतचं सगळं सायकलचंच सामान असतं. मिस्त्री दुकान मुलावर सोपवून संध्याकाळी घरी आला. त्याने जे केलं ते सविस्तर सांगते, कारण कुठलंही हत्यार नसताना हे कुणालाही करता येईल.

बाईकवर तो बसलाच नाही. खाली मांडी घालून बसला, डावा क्रँक मुठीत धरला आणि फिरवायच्या दिशेने नाही, तर आडवा, आत-बाहेर हलवला. क्रँक किंचित हलला. मग मला उजव्या क्रँकवर बोट ठेवायला सांगून त्याने डावा पुन्हा हलवला. उजवा जागचा हलला नाही. "बेअरिंग तो एकदम ठीक है, भाभीजी. बेअरिंग ढीला होता तो दोनों हिलते." एक्सल एकच आहे, दोन्ही क्रँक त्याच्याच दोन टोकांना आहेत. बेअरिंग सैल असेल तर एक्सल हलतो आणि दोन्ही क्रँक सोबत डुलतात. एकच हलत असेल तर दोष त्या क्रँकच्या बसणीत आहे. तिसरी शक्यता पेडलची. त्यासाठी क्रँक घट्ट धरून नुसतं पेडल हलवून बघायचं. एवढी साधी तपासणी कंपनीच्या माणसाने केली नाही आणि निघाला बेअरिंग बदलायला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय म्हणायचं!

टोपण काढल्यावर नट दिसला. मिस्त्रीने गोटी पाना लावला आणि नट जवळजवळ हातानेच फिरला. पुढचं दृश्य मात्र वाईट होतं. क्रँक ओढून काढायच्या हत्याराने (पुलरने) त्याने तो बाहेर काढला आणि उजेडात धरला. आतल्या चौकोनी भोकाच्या कडांवर चकचकीत खरडल्याच्या खुणा होत्या, कोपरे गोल झाले होते, आणि भोकाच्या तोंडाशी काळपट तेलात मिसळलेला बारीक लोखंडी चुरा साचला होता. मिस्त्रीने तो बोटावर घेऊन मला दाखवला.

यातलं तंत्र समजून घेतलं तर नटाचं महत्त्व पटेल. एक्सलचं टोक चौकोनी असतं आणि टोकाकडे निमुळतं होत जातं. क्रँकचं भोकही तसंच. नट आवळला की क्रँक त्या उतारावर चढत जाऊन रुतून बसतो, कुऱ्हाडीच्या दांड्यात पाचर मारतात तसा. म्हणजे वजन पेलते ती पकड, नट फक्त ती टिकवतो. नट सैल झाला की पकड सुटते आणि प्रत्येक फेरीत एक्सलचे कोपरे क्रँकचं भोक खरवडायला लागतात. क्रँकचं लोखंड एक्सलपेक्षा मऊ असतं, म्हणून झीज क्रँकची होते. सुरुवातीच्या आठवड्यात नट आवळला तर खेळ तिथेच संपतो. भोक एकदा गोलसर झालं की कितीही आवळा, थोड्या दिवसांत पुन्हा सैल. मग क्रँकच बदलावा लागतो.

म्हणून माझा राग आवाजावर कमी आणि त्या व्हिडिओंवर जास्त आहे. फोन आणि व्हिडिओंच्या घोळात जे आठवडे गेले, तेवढ्यात क्रँक झिजला. 'आवाज वाढेपर्यंत चालवा, मग बघू' असा सल्ला कस्टमर केअरने मला खरंच दिला होता. या दुखण्यात त्याच्या इतका चुकीचा सल्ला नाही.

मिस्त्रीने त्याच लांबीचा डावा क्रँक आणला, बसवला, आणि मजुरीसकट 350 रुपये घेतले. जाताना म्हणाला, आठवडाभर चालवा, मग एकदा पुन्हा आवळून घ्या, कारण नवा क्रँक वापरात थोडा आत सरकतो आणि नट सैल पडतो. आवळला. तेव्हापासून बाईक पुन्हा मुकी आहे. आवाज सुरू होता तेव्हा मी खरेदीच्या साइटवर एक तारा दिला होता. आता तो तीन केला आहे. यंत्राला मी चार देईन. तो एक कापलाय तो सर्व्हिससाठी.

पेडलबद्दल एक सांगते, कारण शेजारच्या काकूंच्या बाईकचं त्यापायीच नुकसान झालं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उजवं पेडल नेहमीसारखं घड्याळाच्या दिशेने आवळतं, डावं उलट दिशेने. पेडलच्या टोकावर एल आणि आर कोरलेलं असतं, ते बघूनच लावा. पहिले दोन-तीन फेरे नुसत्या बोटांनी फिरवा. बोटांनी जात नसेल तर तिथेच थांबा आणि पेडल सरळ धरून पुन्हा सुरू करा. काकूंच्या फिटिंगवाल्याने पान्याने रेटलं, आटे गेले, आणि पेडल चालत्या बाईकवरून निघालं. सुदैवाने पायाला फक्त खरचटलं. नवं पेडल घेणार असाल तर जुनं सोबत न्या. घरगुती बाईकवर 9/16 इंची आणि 1/2 इंची, दोन्ही मापं सापडतात, आणि डोळ्यांनी फरक लवकर कळत नाही.

बाकीच्या कुरबुरी किरकोळ. डिस्प्ले मध्यंतरी वेळ दाखवायचा पण वेग शून्य. सेल नवे टाकून फरक पडला नाही, तेव्हा कळलं की डिस्प्लेच्या मागची सेन्सरची पिन अर्धी निघाली होती. दाबून बसवली, झालं. लोडची चकती फिरवूनही पायाला फरक जाणवत नसेल तर चकतीखालच्या तारेचा हूक आत सुटलेला असण्याची शक्यता आधी तपासा. कॅलरीच्या आकड्यावर मी मुळीच विश्वास ठेवत नाही. आमचा डिस्प्ले वजन विचारत नाही आणि लोड बदलला तरी त्याला कळत नाही, तो फक्त फेऱ्या मोजतो. हलक्या लोडवर आईंच्या आणि चढ्या लोडवर माझ्या कॅलरी सारख्याच येतात, यावरून काय ते समजा.

पावसाळ्यात सीटच्या दांडीवर गंज धरला. घाम त्याच दांडीवरून उतरतो. आता वापरून झालं की कोरड्या फडक्याने पुसते आणि दांडीला ग्रीसचा पातळ हात देते. बेल्टवर मात्र तेल, ग्रीस, स्प्रे काहीही मारू नका, तो घसरायला लागेल.

पैशांचं काय झालं तेही लिहिते. मिस्त्रीने काढलेला क्रँक, त्याचे फोटो आणि कंपनीच्या माणसाने दिलेला 2,800 चा अंदाज, सगळं ईमेलने पाठवलं. आठवडाभर उत्तर नाही. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली. त्यानंतर कंपनीचा फोन आला आणि व्हिजिटचे 700 परत मिळाले. क्रँकचे 350 द्यायला ते तयार नाहीत, 'बाहेरच्या माणसाने काम केलं' हे त्यांचं कारण. मला ते मान्य नाही आणि मी तसं लेखी कळवलं आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. रक्कम छोटी आहे म्हणून लोक सोडून देतात आणि कंपन्यांना हे माहीत असतं, म्हणून मी सोडणार नाही. फोनवर बोललात तरी त्याच दिवशी तेच ईमेलने लिहून ठेवा. माझ्या बाजूने उपयोगी पडले ते ईमेलच.

जे अजून घेणार आहेत त्यांनी विकणाऱ्याला एवढंच विचारावं: डावा क्रँक सुटा मिळतो का, आणि कितीला. उत्तर आलं नाही तर मी ते मॉडेल घेणार नाही. आणि फिटिंगवाल्याला दोन्ही बाजूंची टोपणं काढायला लावून, नट डोळ्यांसमोर आवळून घेतल्याशिवाय सही करू नका.

सीट अजून आईंना टोचते. साध्या सायकलची रुंद सीट बसवायचा विचार होता, पण आमच्या बाईकची सीट खाली तीन बोल्टच्या पट्टीवर आहे आणि सायकलची सीट गोल दांडीवर क्लॅम्पने धरतात. मिस्त्री म्हणतो मधे जोडपट्टी लावून बसवतो. पुढच्या आठवड्यात तो येणार आहे. आईंना बरं वाटलं तर इथेच खाली लिहीन.