जर्मन-अमेरिकन इन्स्टिट्यूट: वर्षभराचा अनुभव – जर्मनचा वर्ग, वाचनालय आणि संध्याकाळचे कार्यक्रम

पुण्यातून जर्मनची बी1 पातळी (ए1, ए2, बी1, बी2 अशा चढत्या पायऱ्या असतात) करून जर्मनीत आलेल्या माणसाचं घोडं कुठे अडतं हे इथल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. व्याकरण येतं, परीक्षेचा कागद हातात असतो, आणि दवाखान्यात टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घ्यायला फोन लावला की तोंड उघडत नाही. ऑफिसात सगळा कारभार इंग्रजीत, घरी मराठी, मग जर्मन बोलायचं कुठे? याच कारणासाठी मी इथल्या जर्मन-अमेरिकन इन्स्टिट्यूटमध्ये नाव घातलं. हिवाळी सत्र झालं, उन्हाळीही संपत आलं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर महिन्याला कुणीतरी या संस्थेबद्दल विचारतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आम्ही दक्षिण जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या गावात राहतो. काही तक्रारीही लिहायच्या असल्याने गावाचं नाव देत नाही.

आधी एक गैरसमज दूर करते. नावातलं ‘अमेरिकन’ वाचून बऱ्याच जणांना वाटतं की हे अमेरिकन सरकारचं ऑफिस असणार, इथे व्हिसाचं काही काम होत असणार. तसं नाही. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकनांनी जर्मन शहरांत वाचनालयं उघडली, त्यांना ‘अमेरिका हाउस’ म्हणत. हायडेलबर्ग आणि न्यूर्नबर्गला ती 1946 मध्येच सुरू झाली. बारा वर्षांच्या नाझी राजवटीत ज्यांना बाहेरचं काही वाचायला मिळालं नव्हतं, त्यांना तिथे उघड्या कपाटातून पुस्तक स्वतः काढून घरी नेता येई. पुढे साठच्या दशकात अमेरिकेने हात आखडता घेतला, तेव्हा काही ठिकाणी जर्मन शहरांनी आणि राज्यांनी भार उचलला आणि त्या घरांच्या दोन देशांच्या सामाईक संस्था झाल्या. हायडेलबर्ग, ट्युबिंगेन, न्यूर्नबर्ग, सारब्रुकेन इथे त्या आजही आहेत. फ्रायबुर्गच्या संस्थेला जर्मनीतून अमेरिकेत जाऊन सिनेटर झालेल्या कार्ल शुर्त्सचं नाव आहे. शहराचं आणि राज्याचं अनुदान आणि भाषावर्गांची फी यावर त्यांचा गाडा चालतो.

म्हणजे भाषावर्ग हा इथला जोडधंदा नाही, त्यावरच घर उभं आहे. त्यातले बहुतेक वर्ग अर्थात जर्मन लोकांना इंग्रजी शिकवण्याचे. आमच्याकडे परदेशी लोकांसाठी जर्मनचे संध्याकाळचे वर्ग ए2 पासून बी2 पर्यंत आहेत, सकाळचा एक रोजचा वर्गही असतो. मी संध्याकाळचा घेतला: आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास, बारा आठवडे.

प्रवेशाआधी पातळी ठरवायची चाचणी होते. लेखी भाग संगणकावर, मग शिक्षिकेशी दहा-पंधरा मिनिटं गप्पा. लेखीत मला बी2 ची वरची पायरी मिळाली. बोलणं ऐकून बाईंनी एक पायरी खाली बसवलं, आणि तसं का करते आहे तेही नीट सांगितलं. हे मला फार आवडलं. नुसत्या लेखीवर पुढे ढकलणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. तिथे माणूस पूर्ण सत्रभर गप्प बसतो आणि फी भरत राहतो.

वर्गाबद्दल सांगायचं तर एकच प्रकार सांगते, कारण त्यावरून शिकवण्याची तऱ्हा कळेल. बाई दोघांना पाठीला पाठ लावून खुर्च्यांवर बसवत. एकाने दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट व्हायचं, दुसऱ्याने रुग्ण. चेहरा दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत, फोनवर असतं तसंच. रिसेप्शनिस्टच्या हातात बाईंनी दिलेली चिठ्ठी असे: ‘सहा आठवडे एकही वेळ मोकळी नाही’, किंवा ‘विमा सरकारी की खाजगी हे आधी विचारा’. समोरच्याने तरीही टर्मिन मिळवून दाखवायचं. ‘आज अचानक दुखायला लागलंय’ हे कसं सांगायचं, ‘कुणी रद्द केलं तर मला कळवाल का?’ हे अदबीने कसं विचारायचं, बोलणं समजलं नाही तर न घाबरता पुन्हा कसं विचारायचं. दर आठवड्याला चिठ्ठी बदलायची: कधी घरमालक, कधी किटा (मुलांची बालवाडी), कधी वीज कंपनी. नोव्हेंबरात मुलीचा कान दुखत होता तेव्हा मी नवऱ्याच्या हातात फोन न देता स्वतः बोलले आणि दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ घेतली. माझ्यासाठी फीचे पैसे तिथेच वसूल झाले.

दुसरी गोष्ट भाषणांची. प्रत्येकाने सत्रातून एकदा दहा मिनिटं बोलायचं, विषय असा: जर्मनी आणि अमेरिका दोन्हीकडे धागा असलेलं माणूस. एका युक्रेनियन मैत्रिणीने मार्गारेटे शुर्त्स निवडली. कार्ल शुर्त्सची ही बायको, हिने 1856 मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉटरटाउन गावी अमेरिकेतलं पहिलं किंडरगार्टन सुरू केलं, तेही जर्मन भाषेतलं. नवरा पुढे सिनेटर झाला, मंत्री झाला. मी डॉ. आंबेडकरांवर बोलले. 1913 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, पुढे लंडनला, आणि मधेच 1921 मध्ये त्यांनी बॉन विद्यापीठात प्रवेश घेतला; त्यासाठीचा मजकूर स्वतःच्या हाताने जर्मनमध्ये लिहिला. वर्गातल्या एकालाही हे माहीत नव्हतं. बाईंनी माझ्या वाक्यांमधली क्रियापदं जागच्या जागी बसवून दिली, आणि त्यानंतर अर्धा तास वर्ग जातीबद्दल, पाण्याच्या तळ्याबद्दल, संविधानाबद्दल प्रश्न विचारत राहिला. महाडचा सत्याग्रह जर्मनमध्ये समजावून सांगणं हे कुठल्याही परीक्षेपेक्षा अवघड होतं, आणि ते मला जमलं याचा मला अभिमान वाटतो.

आता कागदपत्रांचं बोलू, कारण ग्रुपवरचे निम्मे प्रश्न त्याचेच असतात. सत्र संपल्यावर संस्थेकडून हजेरीचा दाखला मिळतो. तो आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या परवान्यांच्या सरकारी कार्यालयात, चालेल असं धरून चालू नका. ब्लू कार्डवाल्यांना (उच्चशिक्षित नोकरदारांचा राहण्याचा परवाना असलेल्यांना) 27 महिन्यांनी ए1 वर कायमचा परवाना मिळतो आणि बी1 असेल तर 21 महिन्यांनी. नागरिकत्वालाही बी1 लागतं. या सगळ्याला गोएथे, टेल्क वगैरे परीक्षा घेणाऱ्या संस्थांचं प्रमाणपत्र हवं. वेगाचाही हिशेब करा. 45 मिनिटांचा एक तास धरला तर माझ्या पूर्ण सत्राचे 48 तास होतात. एक अख्खी पायरी चढायला साधारण 150 ते 200 तास लागतात. इंटिग्रेशन कोर्सात, म्हणजे नव्याने आलेल्यांसाठीच्या सरकारी अभ्यासक्रमात, नुसत्या भाषेचे 600 तास असतात, वर 100 तास इथल्या कायद्याचे आणि इतिहासाचे. तेव्हा ज्याला कागदाची घाई आहे त्याने फोल्क्सहोखशुलेचा, म्हणजे मोठ्यांसाठीच्या सार्वजनिक शिक्षण केंद्राचा, रस्ता धरावा, तिथे फीही कमी पडते. आमच्याकडे सत्राला तीनशे युरोंच्या पुढे जाते.

तक्रारी. उन्हाळी सत्रात माझा ठरलेला वर्ग पुरेशी माणसं आली नाहीत म्हणून सुरू व्हायच्या चार दिवस आधी रद्द झाला. नियमात तसं लिहिलेलं आहे, पण नोकरी करणाऱ्या माणसाला चार दिवसांत संध्याकाळचं सगळं गणित बदलावं लागतं. दुसऱ्या वर्गात सोय केली, पण तिथे लोक तीन धडे पुढे होते. फीमधला फरक परत यायला सहा आठवडे आणि दोन मेल लागल्या. कार्यालय दुपारी लवकर बंद होतं, संध्याकाळी वर्गाला येणाऱ्याला तिथे माणूस भेटतच नाही. आणि हिवाळ्यात एक शिक्षक मधेच बदलले. नवे सर पुस्तकाचं पान सोडायला तयार नसत. त्या पाच-सहा आठवड्यांत बोलणं फार कमी झालं. मी हे लेखी कळवलं. उत्तर आलं, सभ्य आलं, पण सत्र तसंच संपलं. वर्ग चांगला की वाईट हे इथे शिक्षकावर फार अवलंबून आहे, म्हणून नाव नोंदवताना कोण शिकवणार हे विचाराच.

तरीही मी पुन्हा नाव घातलं, ते वर्गाबाहेर जे मिळतं त्यासाठी.

वाचनालयाचं वर्षाचं कार्ड एका बाहेरच्या जेवणाच्या पैशात होतं. बहुतेक पुस्तकं इंग्रजी, अमेरिकेचा इतिहास आणि कादंबऱ्या भरपूर, लहान मुलांचा कोपरा तर सुरेखच. शनिवारी तिथे गोष्टींची वेळ असते. एक अमेरिकन विद्यार्थिनी चित्रांचं पुस्तक इंग्रजीत वाचते, मधेमधे जर्मनमध्ये विचारते, मुलं हवं त्या भाषेत उत्तर देतात. आमची पाच वर्षांची ओवी घरी मराठी आणि किटात जर्मन बोलते, इंग्रजी तिला नुसतं कानावर होतं. पहिले दोन शनिवार ती माझ्या मांडीवरून हलली नाही. आता पुढच्या रांगेत चटईवर बसते आणि अस्वल पुढे काय करणार ते बाईंच्या आधी सांगते.

महिन्यातून दोनदा बोलण्याचा कट्टा भरतो. अर्धा वेळ जर्मन, अर्धा वेळ इंग्रजी, फी नाही, फक्त चहा-कॉफीचे पैसे. इथे येणारी माणसं पाहण्यासारखी आहेत. अमेरिकन सैन्यात नर्स म्हणून आलेल्या, जर्मन माणसाशी लग्न करून इथेच राहिलेल्या सत्तरीच्या आजी. हायडेलबर्गला अमेरिकन सैन्याचं युरोपातलं मुख्यालय होतं, 2013 मध्ये ते तिथून हललं. या आजींच्या मैत्रिणींची घरं तिथल्या सैनिकी वसाहतींत होती, आजींच्या तोंडून ते सगळं ऐकायला मिळालं. एक निवृत्त भूगोलाचे शिक्षक आहेत, त्यांना इंग्रजी सुधारायचंय, कारण नातवंडं ओहायोत आहेत. त्यांची-माझी जोडी जमली. ते माझी जर्मन चूक दुरुस्त करायच्या आधी वाक्य पूर्ण होऊ देतात; एवढी सबुरी असलेला माणूस भेटणं हे भाषा शिकणाऱ्याचं नशीबच. आम्ही आता कट्ट्याशिवायही भेटतो. मागच्या महिन्यात ते आणि त्यांच्या पत्नी आमच्याकडे जेवायला आले, थालीपीठ आणि लोणी खाऊन गेले आणि कृती लिहून नेली.

व्याख्यानं, वाचनं, मूळ भाषेतले सिनेमे, प्रदर्शनं हे चालूच असतं. सगळ्याला मी जात नाही, लहान मूल घरात असताना जमतही नाही. अमेरिकन अध्यक्षाच्या निवडणुकीच्या रात्री इथे लोक पहाटेपर्यंत थांबतात असं जुने सभासद सांगतात.

अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांसाठी सल्ला देणारा विभाग अशा अनेक संस्थांत असतो. माझ्या नणंदेचा मुलगा इथे बॅचलर्स करतोय, त्याला मास्टर्ससाठी तिकडे जायचंय. मी त्याला घेऊन गेले. सल्लागार बाईंनी तासभर बसून फंडिंग कसं शोधायचं, शिफारसपत्रं कधी मागायची, जर्मन गुणपद्धत तिकडे कशी वाचली जाते हे समजावलं, एक पैसा न घेता. एखादं विद्यापीठ विकायचा प्रयत्न अजिबात नव्हता. पुण्यात याच कामासाठी एजंट हजारो रुपये घेतात आणि ज्या कॉलेजशी त्यांचं साटंलोटं असतं तिकडेच बोट दाखवतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

थोडक्यात कुणी जावं? ज्यांचं ए2-बी1 भारतात झालंय, नोकरी इंग्रजीत आहे आणि इथे माणसं जोडायची आहेत, त्यांनी डोळे मिटून जावं. जोडीदार म्हणून आलेल्या आणि दिवसभर घरी असलेल्या मैत्रिणींनी सकाळचा वर्ग पाहावा, आणि वर्ग परवडत नसेल तर निदान कट्ट्याला यावंच. अगदी ए1 पासून सुरुवात करणाऱ्यांना मात्र मी दुसरीकडे पाठवीन.

हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं. पातळीची चाचणी सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच देऊन टाका, कारण बी1 चे वर्ग लगेच भरतात आणि बी2 चे भरत नाहीत म्हणून रद्द होतात. आम्ही बी2 साठी तिघी आहोत. आणखी तीन-चार जणी मिळाल्या तर वर्ग नक्की होईल, तेव्हा कुणाला यायचं असेल तर आत्ताच कळवा.