इअर्स पद्धतीने रिक्वायरमेंट लिहिणं : आठ महिन्यांचा अनुभव

अंधेरीतली आमची छोटी टीम हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्स वसुलीचं अ‍ॅप बनवते. रिक्वायरमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरने नेमकं काय करायचं ते, लिहिणं माझ्याकडे. आधी मी लिहायचे, ‘पेमेंटमध्ये अडचण आल्यास सभासदाला योग्य सूचना मिळावी.’ ‘योग्य’चा अर्थ डेव्हलपर एक लावायचा, टेस्टर दुसरा.

मग इअर्स (EARS, ‘इझी अप्रोच टू रिक्वायरमेंट्स सिंटॅक्स’) हाती लागलं, म्हणजे रिक्वायरमेंटची वाक्यं ठरावीक साच्यात लिहिण्याची पद्धत. अ‍ॅलिस्टर मॅव्हिन आणि सहकाऱ्यांनी रोल्स-रॉइसमध्ये विमान इंजिनांच्या नियंत्रण यंत्रणेवर काम करताना हा साचा घडवला. 2009 मध्ये तो प्रसिद्ध झाला. कायम लागू असणारी गोष्ट सरळ सांगायची. बाकीच्यांसाठी इंग्रजीत चार सुरुवाती: व्हेन (काही घडलं की), व्हाइल (एखादी स्थिती असेपर्यंत), व्हेअर (एखादी ऐच्छिक सुविधा असेल तिथे), इफ-देन (नको ते घडलं तर).

आमची चर्चा मराठीत चालते, म्हणून मी कच्चा मसुदाही मराठीतच करू लागले आणि साचा चपखल बसला. जेव्हा-तेव्हा, जोवर-तोवर, जर-तर. ‘जर’ म्हटलं की कान ‘तर’ची वाट बघतो. तो आला नाही की रिक्वायरमेंट अर्धवट आहे हे वाचतानाच खटकतं.

सगळ्यात मोठा फायदा ‘जर’चा. मालाडच्या एका सभासदाने लिफ्टमध्ये शिरता शिरता यूपीआयने पैसे भरले. दार लागलं, नेटवर्क गेलं. खात्यातून रक्कम गेली, अ‍ॅपमध्ये थकबाकी तशीच. त्यांनी पुन्हा भरले. चूक माझ्या लिखाणातली होती. उत्तरच आलं नाही तर काय, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. आता वाक्य असं आहे: ‘जर 30 सेकंदांत पेमेंट गेटवेचं उत्तर आलं नाही, तर अ‍ॅप व्यवहार प्रलंबित दाखवेल.’ त्याखाली: ‘जोवर व्यवहार प्रलंबित आहे, तोवर त्या बिलाचं ‘पैसे भरा’ बटण बंद राहील.’ हे वाचून टेस्टरने लगेच विचारलं, 30 सेकंद कुठल्या क्षणापासून मोजायचे? कोडची एक ओळ लिहायच्या आधी हा प्रश्न आला, याचं मला फार अप्रूप वाटलं.

उणिवा आहेत. उशिराच्या व्याजात मुदत, अर्धवट भरणा, कमिटीची सूट असं सगळं एकत्र येतं. तिथे वाक्य लांबत जातं, म्हणून आम्ही सरळ तक्ता करतो. साच्यात बसलेलं वाक्यही मोघम असू शकतं. ‘जेव्हा बिल तयार होईल, तेव्हा अ‍ॅप लगेच सूचना पाठवेल’ हे माझंच वाक्य; ‘लगेच’ मला दोन आठवडे दिसला नाही. शिवाय ही सुविधा कोणासाठी, कशासाठी, हे इअर्स सांगत नाही. ते मी वर चार ओळींत वेगळं लिहिते.

बिल दुरुस्तीचा भाग अजून जुन्या परिच्छेदांतच आहे. पुढच्या रिलीजआधी तो घ्यायचाय.