मुंबईत दोनच दिवस आहेत. घारापुरी करावी का?

गेटवेला उभं राहिलं की लाँचवाले "एलिफंटा, एलिफंटा" करत, म्हणजे घारापुरी बेटासाठी बोलावत येतातच, आणि बाहेरगावच्या पाहुण्यांची तिथेच चर्चा सुरू होते. आमचं मत आधीच सांगतो. मुंबईत पूर्ण दोन दिवस असतील तर घारापुरी जरूर करा, पण सकाळच्या पहिल्या लाँचने आणि लेणं बघायला म्हणून. नुसती समुद्राची हौस असेल तर अर्धा दिवस घालवू नका. हातात एकच दिवस असेल तर बेट सोडा. तिसरा दिवस मोकळा असेल तर अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचा विचार करता येईल, तोही तिथी बघून.

आता वेळेचा हिशेब. पहिली लाँच नऊच्या सुमारास सुटते आणि साधारण तासाभरात घारापुरीच्या धक्क्याला लागते. लाँच भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून सव्वा तास धरून चाला. धक्का लांबलचक आहे. त्यावर छोटी गाडी चालते, पण तिची रांग मोठी असेल तर चालतच पुढे जा. पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर प्लास्टिकची छतं असल्यामुळे ऊन लागत नाही, पण गर्दीच्या दिवशी हवा कोंडते. म्हणजे लेण्याच्या दारात पावणेअकरा. दीड तास लेण्यात, अर्धा तास उतरून धक्क्यावर, आणि एकची लाँच धरली तर सव्वादोनपर्यंत पुन्हा गेटवे. संध्याकाळ मोकळी राहते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय तिथून चालत दहा-बारा मिनिटांवर आहे आणि सकाळी पाहिलेल्या शिल्पांनंतर तिथलं मूर्तींचं दालन जास्त कळतं. अकरानंतर निघालात तर हाच हिशेब कोलमडतो: वर पोचेपर्यंत टळटळीत दुपार, लेण्यात शाळांच्या सहली, आणि परतीच्या लाँचला रविवारी संध्याकाळी पाऊण तास रांग.

सोमवारी लेणी बंद असतात. लाँच मात्र त्या दिवशीही मिळू शकते, आणि तिकीट विकणारा हे आपणहून सांगेलच असं नाही. गेटवेवरच दुसरा घोळ होतो तो बंदरफेरीच्या तिकिटाचा. ही अर्ध्या तासाची चक्कर असते, बेटाला लागत नाही. तिकीट घेताना "घारापुरी, जाऊन-येऊन" असं स्पष्ट म्हणा आणि परतीचा कागद जपून ठेवा, येताना तो मागतात.

खर्च माणशी साधारण असा: लाँचचे जाऊन-येऊन अडीचशेच्या आसपास, वरच्या डेकवर बसायचे थोडे पैसे वेगळे, बेटावर ग्रामपंचायतीचा किरकोळ कर, आणि पुरातत्त्व खात्याचं तिकीट भारतीयांना 40 रुपये, परदेशी पाहुण्यांना 600. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्याचं तिकीट नाही. पुरातत्त्वचं तिकीट ऑनलाइन काढलं तर थोडं स्वस्त पडतं आणि वरची खिडकी टळते.

लाँच म्हणजे लाकडी, संथ आणि डिझेलच्या वासाची. ज्यांना बोट लागते त्यांनी खाली, मधल्या भागात बसावं; इंजिनाजवळ आणि अगदी टोकाला त्रास जास्त होतो. 18 डिसेंबर 2024 ला घारापुरीला निघालेल्या लाँचला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून माणसं गेली, त्यानंतर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. ते मांडीवर ठेवून फोटो काढणारे अजून दिसतात. अंगात घाला, पट्टे आवळा, आणि लहान मुलासाठी लहान मापाचं मागून घ्या. मोठ्या मापाच्या जॅकेटातून मूल पाण्यात खाली निसटतं. ओहोटीला धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांवर शेवाळ असतं. कधी एका लाँचवरून दुसरीत पाऊल टाकावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांना पायऱ्यांपेक्षा हेच अवघड जातं. चढणीसाठी डोली मिळते, भाव आधी ठरवावा.

आता ज्यासाठी जायचं ते. सहाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास कोरलेलं पहिलं लेणं, आणि खरं तर तेवढंच. बाकीची लेणी अपुरी किंवा पडझड झालेली आहेत, त्यांना वीस मिनिटं पुरे. पहिल्या लेण्यात उत्तरेकडून आत शिरताना उजवीकडे नटराज, डावीकडे योगीश्वर, म्हणजे ध्यानस्थ शिव. बहुतेक लोक तडक समोरच्या तीन मुखांच्या सदाशिवाकडे जातात, फोटो काढतात आणि पंधरा मिनिटांत बाहेर पडतात. तसं करू नका. साडेपाच मीटर उंचीच्या त्या मूर्तीसमोर आधी लांब, खांबांच्या रांगेत उभे राहा. डोळे अंधाराला सरावायला दोन-तीन मिनिटं लागतात, मग डावीकडचं अघोर मुख उमटायला लागतं: मिशी, आकसलेल्या भुवया, हातात नाग. उजवीकडच्या मुखाचे ओठ भरीव आणि मऊ, हातात कमळ. मधलं मुख शांत, पापण्या मिटत आलेल्या. तिन्ही मुखं एकाच दगडात, एकाच गळ्यावर, आणि तरी प्रत्येकाच्या गालाची चण निराळी. हे जवळून दिसत नाही. चार खांब मागे यावं लागतं.

त्याच भिंतीवर डावीकडे अर्धनारीश्वर आणि उजवीकडे गंगाधर आहेत. पश्चिमेच्या अंगाला कल्याणसुंदर, म्हणजे शिवपार्वतीचं लग्न: पार्वतीची किंचित झुकलेली मान बघा. जवळच अंधकासुरवध. पलीकडे चारही बाजूंनी दारं असलेलं चौकोनी गर्भगृह आणि दारांवर उंच द्वारपाल. पुष्कळ मूर्तींचे हात-पाय तुटलेले आहेत, ते मनाला लागतं, पण चेहरे बरेच वाचलेत. फ्लॅश मारू नका. त्याने शिल्पाची खोली जाते आणि फोटो सपाट येतो. सरकारमान्य गाइड घेतलात तर सगळे शिल्पपट क्रमाने दाखवायला सांगा, नाहीतर गोष्टी ऐकण्यातच वेळ जातो.

खाण्यापिण्याचं म्हणाल तर पायऱ्यांवर काकडी, कैरी, बोरं मिळतात, हॉटेलंही आहेत, जेवण ठीकठाक. पाणी मुंबईतूनच न्या. हातात पिशवी किंवा शीतपेयाची बाटली दिसली की माकडं झडप घालतात. सगळं सॅकमध्ये, चेन लावून. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला नाव दिलं तो इथे नाही, भायखळ्याच्या राणीच्या बागेजवळ भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे.

बोट अजिबात सोसत नसेल तर जोगेश्वरी लेणं बघा. ते साधारण त्याच काळातलं, शैवच आणि प्रशस्त आहे. जोगेश्वरी स्टेशनच्या पूर्वेला रिक्षाने जाता येतं. शिल्पं झिजलेली आहेत आणि वस्तीने वेढलंय, घारापुरीची सर नाही. पण वेळ निम्म्याहून कमी लागतो.

कुलाबा किल्ल्याचं गणित वेगळं आहे. गेटवेहून मांडव्याला कॅटमरान बोट तासाभरात, पुढे बोट कंपनीचीच बस अलिबागपर्यंत. किल्ल्यात चालत जायचं ते ओहोटीला. कोकणातला हिशेब सोपा: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. पंचमीला भरती पावणेचारला, म्हणजे सकाळची ओहोटी पावणेदहाला. एकादशीला भरती सव्वाआठला, ओहोटी सव्वादोनला. मुंबईहून येणाऱ्याला एकादशी-द्वादशी सगळ्यात सोयीची, कारण सकाळची बोट धरून जेवूनही वेळ उरतो. अष्टमीची ओहोटी भर दुपारी येते खरी, पण तेव्हा भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो; पाणी पुरतं हटत नाही आणि वाटेत गुडघाभर राहू शकतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाणामुळे पाणी खूप मागे जातं, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे दिवसाच्या सहलीला निरुपयोगी. निघण्याआधी त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक बघाच, आणि पाणी वळायच्या तासभर आधी किल्ल्यातून बाहेर पडा.

जंजिरा मात्र या यादीत बसवू नका. मुरूडपर्यंत रस्त्याने दीडशे किलोमीटरच्या वर, मग राजपुरीहून शिडाची होडी, आणि होडीवाले किल्ल्यात पाऊण तासाहून जास्त थांबू देत नाहीत. मुरूडला मुक्काम असेल तरच तो किल्ला बघावा.

पावसाळ्यात गेटवे-मांडवा बोटी मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला सुटणारी रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, हाच पर्याय. घारापुरीची लाँच बंदराच्या आत असल्याने जून-जुलैतही बहुतेक दिवस चालते, पण वारा वाढला की सकाळी ऐनवेळी रद्द होते. त्या महिन्यांत परतीची रेल्वे किंवा विमान त्याच संध्याकाळचं ठेवू नका.