तीन चक्रांची फ्रेम: लाकूड चांगलं, कार्ड रद्दी

आमच्या शाळेच्या काचेच्या कपाटासाठी मुख्याध्यापिका बाईंनी ही फ्रेम ऑनलाइन मागवली. परमवीर, महावीर आणि वीर चक्राच्या प्रतिकृती, खाली माहितीचं कार्ड, किंमत १,८५० रुपये. मी बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे सैन्याच्या इंजिनीअर पलटणीतून, हवालदार म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे "काका, एकदा नजर घाला" असं म्हणून खोकं माझ्याकडे आलं.

पॅकिंग उत्तम, काचेला चरा नाही, लाकूडही जड. तेवढ्याचे दोन तारे.

आता पदकं. परमवीर चक्र काशाचं, जेमतेम ३५ मिलिमीटरचं. मधे राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रं. दधीची ऋषींनी आपली हाडं दिली त्यातून झालेलं ते वज्र. पदकाचा आराखडा करणाऱ्या सावित्रीबाई खानोलकरांनी ते पदकावर आणलं. जन्मानं परदेशी असलेल्या बाईंना हे सुचलं, आणि इथल्या कारखान्यात त्याच वज्रांची लाटणी झाली! फितीचा जांभळा रंग बिटाच्या रसाकडे झुकलाय. खरं पदक दांडीवर फिरतं, मागे दोन कमळं दिसतात. इथे डाग देऊन पक्कं केलंय, म्हणजे पोरांना मागची बाजू बघायलाच नको. महावीर चक्राची फीत तर उलटी लावलीय. अर्धी पांढरी, अर्धी केशरी. केशरी भाग घालणाऱ्याच्या डाव्या खांद्याकडे, म्हणजे बघणाऱ्याच्या उजव्या हाताला यायला हवा. शेजारच्या वीर चक्राची निळी-केशरी फीत मात्र बरोबर आहे. म्हणजे माहीत होतं, लक्ष नव्हतं.

हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण कार्डावर मथळा आहे, '२१ परमवीर हुतात्मे'.

अहो, परमवीर २१ हे खरं, पण त्यांतल्या १४ जणांना ते मरणोत्तर मिळालं. सात जण पदक घ्यायला जिवंत होते. १९६२ मध्ये लडाखमधल्या सिरिजापला चीनशी लढलेल्या मेजर धनसिंग थापांना तर सैन्यानंही गेलेलं समजून मरणोत्तर पदक जाहीर केलं होतं, आणि साहेब चीनच्या कैदेतून परत आले.

आणि आमचे राणेसाहेब! कारवारकडच्या चेंडियाचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे, आमच्याच बॉम्बे सॅपर्सचे. कार्डावर त्यांच्यापुढे छापलंय, 'शत्रूशी झुंजताना वीरमरण'. साहेब वारले १९९४ मध्ये. एप्रिल १९४८ मध्ये जम्मूकडच्या नौशेरा ते राजौरी रस्त्यावर सुरुंग पेरलेले, झाडं आडवी पाडलेली, वरून गोळीबार. पहिल्याच दिवशी मांडीला जखम झाली तरी ८ ते ११ एप्रिल त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. सुरुंग काढणं काय असतं ते मी केलंय, तेही सरावात, कुणी गोळ्या झाडत नसताना. बोटं थंड ठेवावी लागतात. घाई केली की मागचे सगळे जातात. साहेबांचं काम जगून पुढचा सुरुंग काढण्याचं होतं. इथे मात्र सगळ्यांच्या नावापुढे तेच एक वाक्य चिकटवलंय, फक्त साल बदलून.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं, "सर, डिझाईन फिक्स आहे, पाहिजे तर रिटर्न करा." उद्धट नव्हता पोरगा, पण त्याला काही देणंघेणं नव्हतं.

बाईंनी परत पाठवू दिली नाही, कार्यक्रम दोन दिवसांवर होता. मग मागचे खिळे उचकटून महावीरची फीत फिरवली, कार्ड फाडलं आणि आठवीतल्या एका मुलीकडून सुवाच्य अक्षरात नवं लिहून घेतलं. तिने विचारलं, "राणेसाहेब घरी आले होते ना?" म्हटलं, हो, लिही तसं.

वज्रांचं मात्र काही करता आलं नाही. ती लाटणीच राहिली.